शेवटच्या बोल्टावरची रेघ

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी खोडदला आमच्या कांदाचाळीत होतो आणि खिशात नेलपॉलिशची नवी बाटली होती. आदल्या दिवशी जुनी वाळून गेली, म्हणून ही घेऊन मी त्याच्याकडेच निघणार होतो. पलीकडून त्याच्या बायकोला, शोभावहिनींना, नीट बोलताही येत नव्हतं. "भाऊ, हे उठलेच न्हाईत..." एवढंच त्या म्हणाल्या. पिंपळवंडीला त्याच्या घरी पोचलो, बुद्धवंदना झाली, माणसं आली-गेली. मी मात्र सारखा शेडमधल्या जीपकडे बघत होतो.

ती जीप आमच्या दोघांची. भंगारातून उचललेली, पेट्रोल इंजिन पार बसलेलं. मिलिंदचं गॅरेज, माझी शेती. पण शाळेपासूनची मैत्री, त्यामुळे त्याच्या डोक्यात एखादं खूळ शिरलं की ते माझ्याही डोक्यात आल्याशिवाय राहायचं नाही. जीपला पिकअपचं डिझेल इंजिन बसवायचं आणि दोघांनीच माळशेज घाटानं खाली कोकणात उतरायचं, असं ठरलं होतं. इंजिन बसवताना मी म्हणालो, जुनेच बोल्ट धुऊन लावू, चांगले तर दिसतायत. त्यानं एक जुना आणि एक नवा बोल्ट माझ्या तळहातावर शेजारी ठेवला. जुन्याची मान जराशी बारीक झाली होती. "ताणून ताणून दमलाय त्यो," तो म्हणाला. "दिसाया बोल्टच हाय, पण आता धरायचा न्हाई. आन् डिझेल लई हादरतं राव." मग इंजिन ज्यांच्यावर तोललं जातं ते सगळे बोल्ट त्यानं पुण्याहून जास्त ताकदीचे मागवले. बोल्टांची एवढी काळजी करणाऱ्या माणसानं स्वतःच्या छातीतली कळ मात्र कुणाला सांगितली नाही. याचा मला अजून राग येतो.

त्याची कसायची एक रीत होती. ज्यानं बोल्ट कसला, त्यानं खूण करायची नाही; ती दुसऱ्यानंच करायची. तो गाडीखाली पडून टॉर्क पान्यानं कसायचा, ठरवलेला जोर भरला की पाना 'टक' करायचा. मग चाक काढलेल्या जागेतून हात घालून मी बोल्टाच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडापर्यंत नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची. पुढं बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. "मारली का रेघ?" तो खालून विचारायचा. मी "मारली" म्हटलं की मगच पुढच्या बोल्टाला पाना लागायचा. रेघ नाही तो बोल्ट ढिला समजायचा, यात तो माझीही गय करत नसे. तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी इंजिनाचा शेवटचा बोल्ट कसायचा राहिला आणि बाटली वाळली. उद्या बगू, म्हणाला. मी घरी आलो...

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावून घेतलं. "तुमीच पुरी करा आता. त्यांचा जीव व्हता हिच्यात," म्हणाल्या आणि शेड उघडून देऊन आत गेल्या. पाना त्यानं ठेवला तिथंच होता. गाडीखाली शिरून मी तो शेवटच्या बोल्टाला लावला आणि थांबलो. बोल्ट फिरला असता, तर त्याचं काम अर्धवट राहिलं हे कायमचं कळलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. शेवटी जोर दिला. बोल्ट तसूभरही हलला नाही. 'टक' झालं. म्हणजे मी गेल्यावर तो एकटाच पुन्हा गाडीखाली शिरला होता. मी तिथंच पडून रडलो.

राहिली होती ती फक्त माझी रेघ. बाहेर आलो, चाकाच्या जागेतून हात घातला आणि ती ओढली. गिअरबॉक्सचे बोल्ट अजून बाकी आहेत. ते मी कसले तर खूण कोण करणार, हे मला ठाऊक नाही.

"मारली," मी बोलून गेलो, आणि पुढच्या बोल्टाला पाना लागायची वाट बघत तसाच वाकून राहिलो.