पोरांचा स्टॅमिना आणि माझा घोटा

पेडण्यातल्या एका शाळेत पीटी मास्तर म्हणून वीसेक वर्षं शिट्टी फुंकली, की किस्से आपोआप साठतात. घोळ एवढाच, की बहुतेकांत गाढव मीच असतो!

त्या वर्षी आमची फुटबॉल टीम जोरात होती. तालुक्याचा कप शाळेत कधी आलाच नव्हता, आणि मला तो हवाच होता. आठवड्याला दोन मॅचा, आणि मधल्या प्रत्येक दिवशी मी पोरांना पळवायचो. विश्रांती? ती म्हाताऱ्यांना!

*

सकाळी मांद्र्याच्या किनाऱ्यापर्यंत पळत जायचं आणि पळत यायचं. पोरं इतक्या लवकर परतायची, की मी हेडमास्तरांपुढे छाती फुगवली.

एक दिवस मांद्र्याच्या बसचा कंडक्टर उद्याचा निरोप घेऊन भेटला. "मास्तर, फाल्या बस पाच मिनटां आदी सुटतली. पोरांक सांगा हां!"

*

मग कुठल्याशा कोर्समध्ये शिकून आलो, की खेळाडूंकडून थकवा रोज एक ते दहा आकड्यांत लिहून घ्यावा. पोरांना वह्या दिल्या. सगळ्यांचे दहा! मी मास्तरच शेवटी. सवयीने लाल पेनने शेरा मारला, 'उत्तम!'

आमचा कप्तान संदेश वही घेऊन आला. "सर, दहा म्हणजे मेलों!"

तरी त्या दिवशी वीस राउंड मारायला लावलेच.

*

हेडमास्तरांनी बोलावलं. "तुमचा गोलकीपर माझ्या तासाला घोरतो!"

"आणि बाकीचे, सर?"

"ते त्याच्या आधीच निजले!"

*

अशा अवस्थेत फायनल गाठली. सहा दिवस उरले होते आणि पोरं पाय ओढत होती. मी भडकलो. "असं पळतात!" म्हणून दाखवायला निघालो, आणि दहाव्या पावलाला घोटा मुरगळला. डॉक्टरांनी पट्टी बांधून घरी झोपवलं. आता कप गेला, म्हणून मला रडूच आलं.

पोरं भेटायला आली. "रोज पळताय ना रे?"

"व्हय सर!" संदेश म्हणाला. मागची पोरं खिदळत होती. सहाही दिवस ती पोटभर जेवून दुपारची घोरत होती, हे मला मागाहून कळलं.

*

फायनलला काठी टेकत गेलो. दुसऱ्या हाफमध्ये समोरचे धापा टाकत होते आणि आमचे नुसते उधळले होते. तीन-शून्य! मी सगळ्यांदेखत रडलो.

बक्षीस समारंभात कोचला घालायला म्हणून हेडमास्तरांनी संदेशच्या हातात हार दिला. मी ऐटीत मान पुढे केली.

तो खाली बसला आणि त्याने हार माझ्या घोट्याच्या पट्टीला घातला!