फुली घातलेलं फुलपात्र

आमचा धंदा तांब्याच्या भांड्यांचा. कसबा पेठेत आयुष्यभर हातोडीनं भांडी ठोकली. शाळा चौथीत सुटली. तेव्हा पुढे जे लिहितोय ते छातीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं, मला समजलं तेवढं.

करोनाचा ताप घरात आला तेव्हा मी आणि बायको, दोघंही आडवे झालो. उठलोही. माझा खोकला गेला, तिचा राहिला. कोथरूडला राहणाऱ्या मुलाची मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. बायको मला म्हणाली, माझ्या ताटावर आणि फुलपात्रावर फुली घाला, चुकून कुणी त्यातून प्यायला नको. भांड्यांवर नावं मी जन्मभर घातली. फुली पहिल्यांदाच घातली.

तपासणीत काही निघालं नाही, तरी ऐकेना. म्हणायची, "कागदाला काय कळतंय? छातीत अजून आहे. मला जाणवतंय." नात आली की तोंडाला पदर लावून मागच्या खोलीत बसायची. पोरगी उंबऱ्याशी आली की हातानंच खूण करायची, तिथेच थांब. आम्हालाही ते पटायचं, कारण खोकला तर रोज ऐकू येत होता.

पोरगी चालायला लागली, बोलायला लागली. इकडे बायकोला जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा तिला ओढूनच डॉक्टरकडे नेली. बाई तरुण, पण घाईत नव्हत्या. छातीचे फोटो बघून म्हणाल्या, विषाणू केव्हाच गेलाय. त्याच्याशी लढलेल्या काही पेशी मात्र फुप्फुसातच मुक्कामाला राहतात. रक्तात फिरत नाहीत. तोच आजार पुन्हा आत शिरला तर तिथल्या तिथे धरतात. बऱ्याच जणांत त्या हळूहळू कमी होतात. काही म्हाताऱ्या माणसांत कमीही होत नाहीत आणि गप्पही बसत नाहीत. आजार नसताना फुप्फुसालाच छळतात, मग तिथे व्रण पडून ते आखडतं. आजींचं तसंच झालं असावं.

बायको म्हणाली, "म्हणजे चोर गेला आणि पोलीस घरात राहायला आले."

बाई हसल्या. मी विचारलं, हे बरं होईल का. औषधानं थोडं आवरेल, पडलेले व्रण जाणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. बायकोला त्याचं काही नव्हतं. तिचं दुसरंच.

"नातीला मांडीवर घेतलं तर चालेल?"

"आजी, ते केव्हापासून चालतंय."

रिक्षा घरी न नेता कोथरूडला नेली. पोरगी दारात आली, आजीला बघून थांबली. बायकोनं हात पुढे केले. पोरगी आईच्या मागे लपली. सून तिला पुढे ढकलायला लागली तशी पोरगी रडायला लागली.

"राहू दे गं," बायको म्हणाली. "लांब राहायला मीच शिकवलं. हुशार आहे, शिकली."



मग तिनं अंथरूण धरलं. ऑक्सिजनचं यंत्र उशाशी आलं. मुलगा, सून, नात रविवारी यायचे. पोरगी उंबऱ्यावरूनच खेळणं दाखवायची. एका रविवारी खेळून तहानलेली आली ती थेट पलंगाशी, आणि फुलीचं फुलपात्र उचलून तोंडाला लावलं. सून ओरडली. माझाही हात सवयीनं पुढे गेला.

"अहो, पिऊ द्या," बायको म्हणाली. तेवढ्यानंही तिला धाप लागली.

पोरगी सगळं पाणी प्यायली, आजीच्या पदराला तोंड पुसलं आणि तिला टेकून यंत्राकडे बघत बसली. पुढचा रविवार बायकोनं बघितला नाही.

यंदाच्या थंडीत मलाही पुन्हा तोच ताप आला. चार शिंका देऊन गेला. माझ्या छातीतल्या पोलिसांनी काम केलं म्हणायचं. तिच्यातलेच असे का वागले, ते बाईंनाही नीट सांगता आलं नाही.

मुलगा म्हणतो, ती फुली काढून टाका. काढता येते, मला जड नाही. पण नात आली की फुली बघूनच त्या फुलपात्रातून पाणी मागते. मी भरून देतो आणि मागच्या खोलीत, बायको बसायची तिथे, जाऊन बसतो.