लखमीने घातलेली अट

लखमी गेल्याचं तिच्या मुलीने, सोनीने, दवाखान्यात येऊन सांगितलं. "नर्सबाय, आय गेली," एवढंच म्हणाली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. तापाचं निमित्त झालं... महिना होत आला आता.

लखमी चंदनसार गावाच्या पुढच्या, डोंगराला लागून असलेल्या वारली पाड्यावरची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी इथे नवी नर्स होते, तेव्हा ती आली ती भांडायलाच. दुसऱ्या बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून तिला न विचारता तांबी बसवली होती आणि तेव्हापासून अंगावरून जाणं थांबत नव्हतं. "माना कोनी इचारलां?" तिने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच केलं." ती म्हणाली, "मंग भलां करताना तोंड का बंद ठेवलां?" तांबी काढावी लागली.

पण पाड्यावरच्या बायका दवाखान्याला धसकल्या. बाळंतपणाला येईनाशा झाल्या आणि एक कोवळी पोर घरीच रक्त जाऊन मेली. तिचं दिवसकार्य आटोपून लखमी सगळ्या बायकांना घेऊन आली, व्हरांड्यात बसली. म्हणाली, "आमाला दवाखाना पायजे. पन आत आमची बाय सोबत पायजे. आडवां निजवू नका, उकिडवां बसू द्या. आनि हात लावायच्या आधी इचारा." डॉक्टरांनी नियम सांगितले. "नियम करताना आमाला बोलावलां व्हतां का?" बायका जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्यातल्या जानीचे दिवस भरले होते. दुपारी तिला कळा सुरू झाल्या, तरी ती लखमीशिवाय आत यायला तयार होईना. अखेर डॉक्टर दारातून बाजूला झाले... मी खाली गादी टाकली. लखमीने जानीला मागून कवेत धरलं, तिच्या कानाशी वारलीत बोलत राहिली. मी समोर गुडघे टेकून बसले. मुलगी झाली. खणखणीत रडली. लखमीने घाम पुसला आणि डॉक्टरांना विचारलं, "उद्यापासून पन असांच ना?"

डॉक्टरांनी माफी कधीच मागितली नाही. पण सोबतीची बाई आत येऊ लागली आणि प्रसूतीच्या खोलीत भिंतीलगत ती गादी कायमची राहिली.

गेल्या आठवड्यात नव्या डॉक्टरसाहेबांनी ती गादी उचलायला सांगितली. मी उचलली नाही. धुतलेली खोळ चढवून तिथेच अंथरली. सोनीला सातवा महिना आहे, त्याच दिवशी ती तपासणीला आली होती. तिने माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं. "कोनाला इचारून उचलतो, ता मी बघतां," म्हणाली आणि दार न वाजवता साहेबांच्या खोलीत शिरली.