चाळणीवरची माती, चाळणीखालची माती

आमच्या कोल्हापुरात पाणी तुंबत नाही असं कुणी म्हणणार नाही, पण पाण्याच्या निचऱ्यावरून बोन्सायच्या क्लबात जेवढ्या पोटतिडकीनं भांडणं होतात तेवढी मी दुसरीकडे कुठं ऐकलेली नाहीत. महिन्यातल्या एका रविवारी राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये ही मंडळी जमतात. सगळी सुखवस्तू. घरच्या बागेला माळी असतो, त्यामुळे मातीत हात घालायची वेळ येत नाही, आणि ती उणीव इथं बोलून भरून काढतात. मी तिथं गेले ती हौसेनं नाही. एका चिंचेपायी गेले.

माझं माहेर कोडोलीचं. आमच्या दारात एक जुनी चिंच होती. रस्ता रुंद करायचा ठरला तेव्हा ती तोडली. आईनं त्या झाडाखाली उगवलेलं एक बोटभर रोप उचललं आणि गळक्या घमेल्यात लावलं. पुढं कितीतरी वर्षं ती त्याचे शेंडे भाजी चिरायच्या विळीवर कापत राहिली. बोन्साय हा शब्द तिनं मरेपर्यंत ऐकला नव्हता. मी एकदा विचारलं, जमिनीत का लावत नाहीस, तर म्हणाली, "मोठी झाली की हिलाबी तोडत्यात. बारकीच ऱ्हाऊ दे."

आई गेल्यावर भावानं विचारलं, तुला काय पाहिजे ते घेऊन जा. मी ते घमेलं घेतलं. आईची म्हणून माझ्याकडे तेवढीच एक जिवंत वस्तू आहे.

कोल्हापुरात आल्यावर वर्षभरातच चिंचेची पानं पिवळी पडायला लागली. घमेल्यातली माती काळी, जुनी आणि घट्ट झालेली. वरून पाणी घातलं की तळ्यासारखं साचून राही आणि खाली मुळं कुजत. कुणीतरी सांगितलं, बोन्सायला माती बदलावी लागते, क्लबात जा. मला वाटलं, तासाभराचं काम आहे.

क्लबात त्या दिवशी दोन तट पडले होते. एका बाजूला एक दातांचे डॉक्टर. त्यांनी जपानहून माती मागवली होती, तिला अकादामा म्हणतात. स्टीलच्या वाटीतून ती सगळ्यांपुढं फिरवली. लोकांनी दोन बोटांनी एकेक खडा उचलून पाहिला आणि पुन्हा वाटीत ठेवला. त्या नावाचा अर्थ काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, लाल मातीचे गोळे. पन्हाळ्यापासून जोतिबापर्यंत जिकडं बघावं तिकडं लाल माती असलेल्या जिल्ह्यातला माणूस जहाजातून लाल माती आणवतो आणि ती वाटीतून दाखवतो, हे बघून मला हसू दाबता येईना. मी पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या तटाचे पुढारी उद्यमनगरातले एक फाउंड्रीवाले होते. त्यांचं म्हणणं, झाडाला माती लागतच नाही. लागतात खडे. पाणी वरून घातलं की खालून लगेच गेलं पाहिजे आणि खड्यांच्या मधे हवा राहिली पाहिजे. इथवर मला पटलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, जपानची कशाला पायजे? आमच्या भट्टीची स्लॅग, लोखंडाची मळी, हाय की. पोतंभर पाठवून देतो."

डॉक्टर म्हणाले, स्लॅगवर झाड लावणं म्हणजे झाडाचा अपमान. फाउंड्रीवाले म्हणाले, दात सिमेंटनं भरणाऱ्यानं हे बोलू नये. मग विटांचे तुकडे चांगले की कौलांचे, जांभ्याचा चुरा चालतो की नाही, खड्यांचा आकार ज्वारीएवढा असावा की हरभऱ्याएवढा, यावर सभा चहापर्यंत पोहोचली. निचऱ्यावर एवढं बोलून मंडळी बाहेर आली तर हॉलच्या दारातच वळवाच्या सरीचं घोटाभर पाणी साचलेलं. सगळे चपला हातात घेऊन आपापल्या गाड्यांकडे गेले.

स्लॅग मात्र खरोखर आली. मी ती धुऊन घेतली, विटांचे तुकडे मिसळले, चिंचेची मुळं मोकळी केली आणि एका उथळ कुंडीत तिला बसवलं. आता पाणी घातलं की क्षणात खालून निघून जाऊ लागलं. मला फार बरं वाटलं.

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मात्र वाटलं नाही. मामंजी जुने पैलवान. गुडघे गेले, दम लागतो, पण रोज सकाळी तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसल्याशिवाय चहाला शिवत नाहीत. त्यांनी कुंडीभोवती एक फेरी मारली. खडे उचलून पाहिले. म्हणाले, "खडी टाकलीस. आता डांबर तेवढं ऱ्हायलं." मी निचरा समजावून सांगितला. ते ऐकत होते, पण त्यांची नजर चिंचेवर होती. दूध तुटलेल्या वासराकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत.

दर वेळी कुंडी बदलायची म्हणजे मला खडे आणखी लागणार होते आणि स्लॅगवर माझा पुरता भरवसा नव्हता. भावानं सांगितलं होतं की त्याच रस्त्याचं पुन्हा काम निघालंय, त्यात दारासमोरचा लाल मुरूम उकरून ढीग घातलेत, कुणीही न्या. ज्या रस्त्यानं आमची चिंच गेली त्याच्याच मुरमात तिची लेक वाढवायची, हे माझ्या तिरक्या डोक्याला लगेच पसंत पडलं. मी कोडोलीला गेले आणि भावाकडे चार दिवस राहिले.

पोती डिकीत घालून परत आले तर अंगणात शिरताच आंबूस वास. कुंडी काठोकाठ भरलेली, वर तांबडीलाल माती, हातानं थापून गुळगुळीत केलेली. मुंग्यांची रांग कुंडीवर चढलेली. चिंचेची निम्मी पानं खाली गळून पडलेली.

मामंजींनी तालमीतली माती आणली होती. वस्तादांची परवानगी काढून, स्वतःच्या पिशवीतून, दुखऱ्या गुडघ्यांनी चालत. आखाड्याची माती म्हणजे साधी माती नसते. तिच्यात ताक असतं, हळद असते, तेल, लिंबू, कापूर असतो. ती पैलवानाच्या अंगासाठी मळलेली असते. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून घरचं ताक आणि चमचाभर तेल वरून आणखी घातलं होतं.

मी खूप बोलले. सासऱ्यांशी सून बोलत नाही तसं बोलले. झाड म्हणजे काय पैलवान आहे का, उद्या त्याला बदाम चारा, परवा जोर काढायला लावा. शेवटी मी म्हणाले, माझ्या आईचं एवढंच उरलं होतं, तेही घालवलंत. राग होताच, पण त्याच्याहून जास्त भीती होती.

मामंजी खाली मान घालून उभे होते. मग म्हणाले, "तुझ्या आईचं झाड हाय म्हणूनच आणली. खडीत उपाशी बघवंना. तालमीच्या मातीपरीस चांगलं माझ्याकडं दुसरं काय हाय, सांग की."

तरुणपणी त्यांचा खांदा निखळला होता तेव्हा त्यांना त्याच मातीत गळ्यापर्यंत पुरून निजवलं होतं. तो खांदा मातीनंच बरा केला, असं ते आजही सांगतात. त्या मातीनं कुणाचं वाईट होईल ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. मला हे माहीत होतं. पण त्या वेळी मला ते आठवायचं नव्हतं.

आम्ही दोघांनी झाड उपसलं. मी पाइपनं मुळं धूत होते आणि मामंजी दोन्ही हातांनी खोड धरून बसले होते. एवढं आवळू नका, असं मला सांगावं लागलं. काळी पडलेली मुळं कापली, एक फांदी गेली ती काढली आणि मुरमाचे खडे चाळून त्यात चिंच पुन्हा बसवली. उरलीसुरली पानं संध्याकाळी मिटली. चिंचेची पानं रोजच संध्याकाळी मिटतात, हे मला ठाऊक आहे. तरी सकाळी ती उघडली तेव्हा मी तिथंच पायरीवर बसून रडले.

डॉक्टरांना फोन करून विचारलं, अशा वेळी आणखी काय करावं. कुंडीत काय पडलं होतं, ते मी सांगितलं. हळद, ताक, लिंबू, कापूर. पलीकडून कागद शोधल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं की हे कुठल्या प्रमाणात. पुढच्या बैठकीत 'पारंपरिक देशी मिश्रण' असा विषय निघाला आणि फाउंड्रीवाल्यांनी तो आपलाच असल्याचं सांगितलं.

पावसाळ्याच्या तोंडावर चिंचेला नवी पालवी आली. तोवर मामंजींनी मुरूम चाळायचं काम माझ्या हातून काढून घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी तालमीतून आले की अंगणात पोतं उघडून बसत. माझी गव्हाची चाळण त्यात कायमची गेली. गुडघे साथ देत नाहीत, पण दंडात अजून जोर आहे. चाळणीवर राहतील ते खडे माझे. खाली पडणारी भुकटी टाकून द्यायची, कारण ती कुंडीत गेली की पुन्हा चिखल. मी त्यांना ती परसात गटारीकडेला ओता म्हणून सांगितलं होतं.

एक दिवस मी गटारीकडे गेले तर तिथं भुकटीचा कणही नव्हता. इतक्या दिवसांची पोतंभर तरी व्हायला हवी होती. मामंजींना विचारलं.

"तालमीत टाकली," ते म्हणाले. "लोण्यागत बारीक हाय. पोरांच्या पाठीला खडा लागत न्हाय."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. ताक-हळद विसरला नाहीत ना, असं काहीतरी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते चाळण हलवता हलवता, माझ्याकडे न बघता पुढं बोलले.

"तुझ्या आईच्या दारातली माती हाय. खेळायच्या आधी पोरं रोज कपाळाला लावत्यात."

मी आत गेले आणि कपाटातली एक धुतलेली चादर घेऊन आले. ती चाळणीखाली अंथरली आणि त्यांच्या समोर बसून पोत्यातून मुरूम काढून द्यायला लागले.