ब्रेकला येणारा फोडणीचा वास

उंब्रजला आमच्या शेजारी आकाराम फौजी राहतात. उभी नोकरी लष्कराचे ट्रक चालवण्यात गेली. आता ऊस आणि एक जुनी जीप सांभाळतात.

गेल्या वर्षी खंबाटकी घाट उतरताना या जीपचा ब्रेक लागला नाही. गाडी कठड्याला घासत थांबली, कुणाला खरचटलंही नाही. पण शेजारी बसलेल्या मनुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कारण विचारलं तेव्हा फौजी म्हणाले, "झालं असंल कायतरी." तेव्हापासून मनुबाई त्या गाडीत बसल्या नाहीत. आता रविवारी पुण्यात नातीचं बारसं, आणि बाई यष्टीनं जाणार म्हणून अडून बसलेल्या. फौजींना ते फार लागलं. त्यांनी सांगलीहून पुढच्या चाकांसाठी मोठ्या ब्रेक डिस्क आणि त्या दाबून धरणारे नवे पॅड आणले आणि अंगणातच बसवले.

तर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली.

मला दुसऱ्याच्या बोनेटमध्ये डोकं घालायची खोड आहे, म्हणून मीही गेलो. टायरमधली हवा सारखी होती. पाइपात हवा राहिली असेल म्हणून ब्रेक ऑइल काढून पुन्हा भरलं. पेडल आधीही घट्ट होतं, नंतरही घट्टच. गाडी आपली डावीकडे.

"उजवं चाक धरंना," फौजी म्हणाले. "पर का?"

या 'का'नं आम्हा दोघांनाही झपाटलं. त्यात आणखी एक गंमत होती. गाडी थांबली की फोडणीचा वास यायचा. मला वाटलं, मनुबाईंची आमटी. पण त्या ओसरीवर गहू निवडत होत्या. नदीकडच्या रस्त्याला गेलो, तर तिथंही आमटी. मला हसू आवरेना. फौजी मात्र हसले नाहीत. परत आल्याबरोबर त्यांनी उजवं चाक खोललं, पॅड काढून नाकाशी धरला आणि माझ्यापुढे केला. कडेला पिवळं दिसत होतं.

"हळद हाय गड्या."

मनुबाई गहू ठेवून जवळ आल्या. "तुमी जेवाय बसला तवा ह्या चाकापाशी ठेवलेल्या पॅडला तेलातली हळद लावली म्या. नवी वस्तू हाय, तशीच कशी बसवायची? मग तुमी वरडशिला म्हणून पदरानं पुसली बी."

हळद पुसली गेली, तेल राहिलं, ते पॅडनं पिऊन घेतलं. आता फौजी तडकणार असं मला वाटलं. पण त्यांना अजून एक 'का' उरलाच होता.

"एकाच चाकाला का लावलीस? डाव्या चाकापाशी बी पॅड पडला हुताच की."

"तुमी त्या बाजूला बसता न्हवं."

फौजी टाकून द्यायचा तो पॅड फडक्यानं पुसत बसले. मला उगाच तिथं थांबल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी डिस्क स्वच्छ धुऊन नवे पॅड बसवले. गाडी सरळ थांबली.

"आवं, आता का ओढत हुती ते कळलं न्हवं?" मनुबाईंनी विचारलं.

"कळलं."

"मागल्या बारीला घाटात कळलं न्हवतं. त्याचंच भ्या वाटत हुतं मला."

रविवारी सकाळी त्या हळदीकुंकवाची वाटी घेऊन आल्या. फौजींनी बोनेट दाखवलं. बाईंनी उजव्या बाजूला बोट टेकवलं आणि वाटी झाकायला लागल्या.

"हिकडं बी लाव," फौजी डावीकडचं दार उघडत म्हणाले. "या बाजूला तू बसणार हायस."

मनुबाईंनी डावीकडेही एक बोट टेकवलं, आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.