समजलं का?

अविनाश गेला आणि कावेरीचा थिसिस बेवारस झाला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. नवऱ्याबद्दल गोड गोड लिहिणं मला जमत नाही. जे आहे ते लिहिते.

अविनाश इथे चेन्नईत इंजिनिअरिंगचा प्राध्यापक होता. त्याचे पीएचडीचे विद्यार्थी एका डिपार्टमेंटचे नसायचेच. थोडी वीज, थोडं पाणी, थोडे रस्ते, आणि हे सगळं एकमेकांत कसं गुंतलंय त्याचा अभ्यास.

प्रत्येक चॅप्टर आधी आमच्या वेस्ट मांबलमच्या घरी डायनिंग टेबलावर यायचा. माझ्यासमोर.
मी इतिहासाची बी.ए. शाळेत शिकवून रिटायर झालेली.

विद्यार्थ्याने बोलायचं. मग अविनाश मला विचारायचा, "समजलं का?"

मी "नाही" म्हटलं की चॅप्टर परत.

"मी मठ्ठ म्हणून बसवतोस का मला इथे?"
"छे. तुला कुणाची दया येत नाही म्हणून."

कावेरी त्याची शेवटची विद्यार्थिनी. तंजावरच्या मराठी घरातली. मला इथल्या रीतीने मामी म्हणते.
"अय्यो मामी, सर परवडले. तुम्ही नुसतं बघितलं तरी पाठ केलेलं सगळं विसरते!"

तिचा विषय, उन्हाळ्यात शहर कसं अडकतं. तिने कॉफीचे टंबलर मांडून सांगितला. वीज गेली की पंप बंद. पंप बंद की टँकर. टँकर आले की गल्ली तुंबली. गल्ली तुंबली की वीज दुरुस्त करणारी गाडी बाहेरच अडकली.
शेवटचा टंबलर पहिल्याला येऊन टेकला.

"समजलं का?"
"नाही. यात माणसं कुठे आहेत?"

अविनाश खूश. कावेरी माणसांचा चॅप्टर लिहायला बसली.
आणि त्याला हार्ट अटॅक आला.

मग नव्या गाइडसाठी वणवण सुरू झाली. इलेक्ट्रिकलवाले म्हणाले, पाणी सिव्हिलचं. सिव्हिलवाले म्हणाले, माणसं आमच्याकडे नसतात. शेवटी एक गाइड मिळाले, अटीवर. वीज ठेवा, बाकी काढा.

मी अविनाशच्या मित्रांना फोन केले. सगळे आदराने बोलले.
"वहिनी, नियम आहेत हो."

माझ्या आवाजाला अख्खी शाळा टरकायची. इथे तो कुठेच पोचला नाही.

आज श्राद्धाचं जेवण झाल्यावर कावेरीने टंबलर मांडले. नवा चॅप्टर सांगितला. पाण्याची वाट बघत शाळा बुडवणाऱ्या मुली. लिफ्ट बंद म्हणून चौथ्या मजल्यावर अडकलेली डायलिसिसची बाई.

ती थांबली. विचारणारं कुणी नव्हतं.

मीच म्हणाले, "समजलं गं. सगळं समजलं."

ती रडायला लागली. "मामी, सोमवारी हेच काढून टाकायचंय."

मी टंबलर उचलले आणि विसळले. दुसरं काय करणार?

अविनाश, "समजलं" म्हणाले ते दयेपोटी नव्हे. खरंच समजलं.
पण माझी सही चालत नाही.

तू शांत राहा. नमस्कार.