शेवटची ओळ

माझ्या धाकट्या भावाला जन्मापासून दिसत नाही. त्याचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं त्याला वाचून दाखवतो, तेही इतक्या वेगात की मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. त्याला मात्र तोच वेग लागतो.

गेल्या दिवाळीत अकोले तालुक्यातल्या घरी गेले होते. त्याचा कॉम्प्युटर फार रखडत होता, म्हणून तो पुसून कोरा करायचं मीच काढलं. नगरला मी हेच काम करते, त्यामुळे अशा बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा. आधी कमांड देऊन त्याच्या सगळ्या सेटिंग्ज पेन ड्राइव्हवर घेतल्या. मग कोणकोणते प्रोग्राम परत टाकायचे त्या यादीची फाइलही त्यावरच केली. केली कसली, ऑफिसातली माझीच फाइल उचलली आणि तळाशी त्याचा वाचून दाखवणारा प्रोग्राम जोडला.

कोरा झालेला कॉम्प्युटर मुका झाला होता. यादीतले प्रोग्राम एकामागोमाग टाकायची कमांड मी दिली तशा काळ्या पडद्यावर ओळी पळायला लागल्या. बाहेर मैत्रिणींची जीप हॉर्न वाजवत होती. आम्हाला भंडारदऱ्याला जायचं होतं. हात लावू नको, झालं की आपोआप बोलेल, एवढं त्याला सांगून मी निघाले. दुपारी एका शिकवणीवाल्यांपुढे त्याला नोकरीसाठी ऑनलाइन नमुना तास घ्यायचा होता, हे मला ठाऊक होतं. तोवर होईल, असं मीच ठरवून टाकलं.

संध्याकाळी परतले तर तो त्याच खुर्चीत. पडद्यावर इंग्रजीत एक प्रश्न अडून बसला होता: अटी मान्य आहेत का, वाय की एन? प्रश्न फोटो सुधारायच्या प्रोग्रामचा, ज्याचा त्याला काडीचा उपयोग नव्हता. आईला इंग्रजी येत नाही. पांढरी अक्षरं हायेत, हालत न्हाईत, एवढंच तिने त्याला सांगितलं होतं. त्याने मला फोन लावला होता, पण धरणाकडे रेंज नव्हती. मी सांगितलं म्हणून एका बटणालाही त्याने हात लावला नव्हता. तास मोबाईलवरून, टिपणांशिवाय घेतला आणि मध्येच अडखळला. कळवतो, म्हणाले ते लोक. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी वाय दाबला. काही वेळाने कॉम्प्युटर बोलला, आधी परक्या, संथ आवाजात, मग सेटिंग्ज आल्यावर त्याच्या नेहमीच्या वेगात. भावाचा चेहरा सैल झाला.

"ताई, यादीत माजा आवाज कितवा हुता गं?"

"पहिलाच होता रे, तोच अडकला," मी म्हणाले. खरं सांगायची लाज वाटली.

पेन ड्राइव्हवरची फाइल त्याने उघडली आणि मला समजावं म्हणून वेग कमी केला. कॉम्प्युटर एकेक ओळ वाचू लागला. माझा ब्राउझर, माझा फोटोंचा प्रोग्राम, माझा सिनेमे बघायचा प्रोग्राम. मी ओढणीचं टोक पिळत उभी. सगळ्यात शेवटी त्या आवाजाने स्वतःचं नाव घेतलं.

भावाने ती ओळ कापली, सगळ्यात वर नेऊन ठेवली आणि फाइल सेव्ह केली. मग विचारलं, "तुज्या मैत्रिणी पोचल्या का गं नीट?"